गुंजवण्याचा उंबरा

टेम्पो सोसायटीच्या गेटाशी येऊन थांबला आणि चौथ्या मजल्यावर अमृत खिडकीपासून मागे सरला. "अगं मंगल," तो बायकोला म्हणाला, "सगळी भावकीच आलीये!"

पहिले त्याचे वडील उतरले, आनंदराव. डोक्याला नवाकोरा फेटा. मागोमाग चुलती ठकुबाई नारळाची पिशवी सांभाळत. मग चुलतभाऊ गोरख आणि आणखी दोघं-तिघं. त्यांनी तांदळाचं पोतं खाली घेतलं, आंब्याचे डहाळे घेतले, आणि गोणपाटात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी गोरखने एकट्यानेच खांद्यावर टाकलं.

चूक अमृतचीच होती. "रविवारी नव्या घरात जातोय," एवढंच तो फोनवर बोलला होता. भाड्याचं आहे हे सांगायचा धीर झाला नाही. त्याच्या गावी, गुंजवण्यात, कुणी घर भाड्याने घेत नाही. नव्या घरात जायचं म्हणजे घर बांधून जायचं आणि भावकीने वास्तुशांतीला यायचं. ती आपली आली.

नेमके घरमालकही वरच होते. किल्ली देता देता त्यांची सूचनांची पोथी चालू होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. गच्चीवर वाळवण घालायचं नाही. रात्री पाहुणे मुक्कामाला नकोत. सामान लिफ्टमधून न्यायचं नाही. अमृत मान डोलवत होता. शहरात भाड्याने राहणाऱ्याला देवाने मान दिलेली असते ती बहुधा एवढ्यासाठीच.

जिन्यात पावलं वाजली आणि आनंदराव दारात उभे राहिले. धाप लागली होती, पण चेहरा असा फुललेला की अमृतला तिकडे बघवेना. गोरखने ओझं भिंतीला टेकवलं आणि गोणपाट सोडलं. आत सागाचा उंबरा होता. काळा पडलेला, दोन्ही टोकांना हळदीकुंकवाची पुटं चढलेला.

गावातलं घर धरणाच्या पाण्यात जायच्या आधी आनंदरावांनी तो पहारीने उपटून वर आणला होता. नंतर ज्या पत्र्याच्या खोल्यांत संसार मांडला, तिथे त्यांनी तो बसवला नाही. गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिला. हा आता पोराच्या घराला लागेल, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"दाराखालची फरशी जराशी फोडली का झ्याक बसंल," गोरख म्हणाला. तो गवंडीकाम करायचा. त्याने पिशवीतून छिन्नीसुद्धा काढली.

"फरशी फोडता?" घरमालक धावत दारापुढे जाऊन बाहेर पॅसेजमध्ये उभे राहिले. "अहो, घर माझं आहे! हे भाड्याने राहणार आहेत. अकरा महिन्यांचा करार आहे आमचा!"

ठकुबाईने नारळाची पिशवी खाली ठेवली. मंगल पदराशी चाळा करत उभी राहिली.

"आबा," अमृत म्हणाला, "सांगणार व्हतो मी. भाड्याचं हाय." लाजेने त्याची मान खाली गेली होती.

आनंदरावांनी खोलीभर नजर फिरवली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून पाहिला, बंद केला.

"भाडं कोन भरतं?"

"मी आन् मंगल. दोघं मिळून."

"कुनाफुडं हात पसरलास?"

"न्हाई आबा."

"मग मान कशापायी खाली घातलीस?"

अमृतने वर पाहिलं. वडिलांचा फेटा होता तसाच ताठ होता.

"आरं, सोताचं व्हतं ते पान्याखाली हाय," आनंदराव म्हणाले. "हे कोरडं तरी हाय." आणि गोरखकडे वळले. "ती छिन्नी ठेव पिशवीत. उंबरा आन हिकडं."

"पण खिळा..." घरमालक म्हणाले.

"खिळा न्हाई आन् फोडाफोडी न्हाई, मालक. वजनानंच बसतोय त्यो."

बापलेकांनी दोन टोकं धरली आणि उंबरा चौकटीत टेकवला. दोन्ही बाजूंना बोट-बोट कमी पडला, पण हलला नाही. गोरखने पायाने रेटून पाहिलं, तेवढ्यात ठकुबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या, उंबऱ्याला पाय लावतूस?" मंगल हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"आणि घर सोडून जाताना हे धूड?" घरमालकांनी विचारलं.

"उचलायचं आन् न्यायचं," आनंदराव म्हणाले. "एकदा उचललाय त्याला. जमतंय आमाला."

मंगलने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं. चौकटीला खिळा नव्हता, म्हणून ठकुबाईने आंब्याचे डहाळे सेफ्टी डोअरच्या जाळीतच खोचून दिले. माणसं आत सतरंजीवर टेकली. पोराचं घर पाहायला आलेल्या माणसांनी जे करायचं तेच त्यांनी केलं. खिडकीतून वारा कसा येतो ते बघितलं, आणि पोराने नाव काढलं असं एकमेकांना सांगितलं.

घरमालक अजून बाहेरच उभे होते. आपल्याच दाराशी, उंबऱ्यापलीकडे. जावं की थांबावं ते त्यांना कळेना.

अमृत उठून दाराशी गेला. मघाशी घरमालकांपुढे नुसतीच डोलणारी त्याची मान आता सरळ होती.

"बाहेर का उभे, काका?" तो म्हणाला. "या ना, आत या. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

घरमालकांनी एकदा अमृतकडे पाहिलं, एकदा खाली कुंकवाकडे. त्यांनी पॅसेजमध्ये चपला काढल्या आणि उंबऱ्यावर पाय पडणार नाही अशा बेताने ते आत आले.