शनिवारची विहीर

"पुढच्या अपडेटमध्ये ही विहीर काढतोय. तिथे गर्दी झाली की सगळा गेम अडकतो," गेमचा प्रोग्रामर नचिकेत ऋजुताला म्हणाला. "खेळाडूंना तेवढं कळवून टाक."

गेम कंपनीच्या सूचना ऋजुताच लिहायची. पण तिला कुतूहल वाटलं. विहिरीपाशी ना लढाई, ना खजिना. मग दर शनिवारी इतके खेळाडू तिथे जमतात कशाला?

"त्यांना विचारायचं नसतं बाई, कळवायचं असतं!" नचिकेत हसला.

तिने फोरमवर विचारलंच. लगेच उत्तर आलं, "अहो, तुम्हीच लिहिलं होतं ना, शनिवारी विहिरीपाशी भेटू, तुमच्या तक्रारी ऐकू म्हणून?"

तिने जुन्या सूचना चाळल्या. खरंच होतं. तिच्या आधीच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी तसं जाहीर केलं आणि लगेच नोकरी सोडली. त्यानंतर कंपनीतलं कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं.

नवी सूचना बाजूला ठेवून ऋजुता शनिवारी कंपनीच्या नावाने गेममध्ये शिरली आणि विहिरीपाशी उभी राहिली. एका योद्ध्याने सरकून जागा दिली.

"या, बसा. अगदी पहिल्यापासून सांगतो."