कड्याच्या कपारीत

फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतल्या या गुहेतल्या हॉटेलात राहायचा हट्ट माझाच. "गुहेत कसलं राहायचं, वसू? ओल येते," म्हणत श्रीरंगनं वर्षभर टाळलं होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मात्र मी ऐकलं नाही.

निघायच्या सकाळी मालकीणबाईंनी पाहुण्यांची वही पुढे केली. मी मराठीत सही केली तशा त्या हरखल्या आणि मागची पानं उलटू लागल्या. "अशीच अक्षरं इथे आहेत! चार वर्षं झाली, कुणाला वाचताच येत नाहीत. तुम्ही वाचाल?"

श्रीरंगचा हात वहीवर आला. "अगं, राहू दे. टॅक्सी थांबलीय."

मी त्याचा हात बाजूला केला. गोल, बायकी अक्षर होतं. मोठ्यानं वाचलं,

"कड्याच्या कपारीत मधाचं पोळं,
श्रीरंगरावांपाशी मन माझं भोळं."

लग्नात घास भरवताना घेतलेला माझा उखाणा. मेंदीचे हात सांभाळत मीच रचलेला.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "किती गोड लय! कुणी लिहिलंय?"

श्रीरंग पांढऱ्या दगडाच्या भिंतीला टेकला होता.

"शब्द माझे आहेत," मी म्हणाले. "अक्षर कुणाचं, ते ह्यांना विचारा."