तेंगो के इर्मे

कुंदाचा नवरा नीळकंठ "येतो" म्हणून पुसदच्या घरातून जो गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून तिचा कोणाच्याच शब्दावर भरवसा उरला नव्हता. पोटच्या प्राचीच्याही नाही.

कुंदा खोलीत शिरली रे शिरली, की प्राची फोनवर "तेंगो के इर्मे" म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

"स्पॅनिशच्या मॅडम आहेत वं आई. तेंगो के इर्मे म्हंजे, मले जा लागते."

पण मॅडमचा तास आपण आल्यावरच बरा संपतो! आज प्राचीनं ते वाक्य म्हटलं, आणि ती फोन ठेवणार तोच कुंदानं इअरफोनची वायर फोनातून उपटली.



"काहून वं पोरी, आई आली काय?" नीळकंठ विचारत होता.