जंगलाबाहेर

सकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन बायको गेल्याचं सांगितलं. मला ते पटेना. कारण आदल्याच दिवशी ते आमच्या मुलीला म्हणाले होते, "शी इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट."

"म्हणजे काय गं?" मी तिला विचारलं होतं.

"आई अजून जंगलातून बाहेर आली नाही, बाबा. म्हणजे धोका टळला नाही. पूर्वी तिकडे लोक जंगलात वाट चुकायचे, त्यावरून तसं म्हणतात."

मला तेव्हा हायसं वाटलं होतं. "एवढंच ना? मग येते ती. तिला कुठलं जंगल अडवणार?"

ती जंगलाकाठच्या गावातली, मी शहरातला. लग्नानंतर तिच्यासोबत सरपणाला गेलो आणि हरवलो. ती हसत शोधत आली. "माह्या मागं मागं चाला, नाही तं वाघाघरी पाहुणे म्हणून जासान!" तेव्हापासून जंगलात मी तिच्या मागेच चालायचो. ती कधीच चुकली नाही.

यंदा मोहफुलं पडू लागली, तशी टोपली घेऊन जंगलाच्या तोंडापर्यंत गेलो. पुढे कुणी नव्हतं. फुलं वेचायची राहिली आहेत.