बॅकअप कुठाय?

संकटातच माणसाचा संयम दिसतो, असं डेटाबेस सांभाळणाऱ्या साहेबांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी मेव्हण्याची कॉलर आवळतच मांडलं. भर दुपारी सर्व्हर कोसळला होता. तपासाअंती आतली हार्डडिस्क कायमची गेल्याचं निघालं, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या पेशंटांची माहिती परत मिळणार ती फक्त बॅकअपवरून. तो घ्यायचं काम मेव्हण्याकडे होतं.

“घेतलाय, भाऊजी! आधी गळा तर सोडा!”

“थापा मारतोस? तुझ्या बहिणीच्या तोंडाकडे बघून तुला नोकरीला लावलं, गाढवा!”

साहेबांनी रॅकवरचा हाताला लागला तो काळा डबा उचलून त्याच्या कपाळावर हाणला. मेव्हणा काहीतरी सांगायला गेला, तसा दुसरा फटका थेट तोंडावर बसला आणि तो आडवा झाला. कीबोर्डवर रक्त ठिबकलं. तरी राग शमेना, म्हणून साहेबांनी डबा भिंतीवर आपटला, खाली पडल्यावर बुटाने पार चुरा केला, आणि मग धापा टाकत विचारलं,

“आता तरी खरं बोल. कुठाय बॅकअप?”

 

मेव्हण्याने फुटलेला ओठ पुसला. “तुमच्या बुटाखाली.”