पाय लागला

अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या छोट्याशा संग्रहालयात ज्ञानदा नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या नाचाच्या पोशाखाचं वाकलेलं स्टँड बदलायला आली होती. वर डोक्यावर चढवायचा कोरीव लाकडी मुखवटा आणि त्याखाली जमिनीपर्यंत रंगीत कापडांच्या पट्ट्याच पट्ट्या.

"हा घालून नाचतं कोण?" तिने सहज विचारलं.

"आम्ही ते विचारत नाही," सल्ला द्यायला आलेले म्हातारे नायजेरियन आडेबायो म्हणाले. "कापडाआड पूर्वज असतो. त्याला हात लावायचा नसतो."

"मी ग्लव्ह्ज घातलेत ना, सर."

ते हसले नाहीत. बाहेर निघून गेले.

तिने मुखवटा छताच्या तारेला अडकवला. खालून स्टँड ओढून काढलं, तशी तार ओझ्याने ताठ झाली. स्टँड भिंतीला टेकवून ती परत पोशाखापाशी आली, तेवढ्यात पट्ट्यांखाली तिचा पाय कशाला तरी लागला.

लहानपणापासूनची सवय. तिने वाकून त्याला हात लावला आणि कपाळाला नेला.

ग्लव्हमधूनही ते उबदार लागलं होतं.

स्टँड तर तिकडे भिंतीशी होतं.

ज्ञानदाने हळूहळू मान वर केली. मुखवटा होता तिथेच होता. वरची तार मात्र सैल लोंबत होती.