मुलींचं मत

“जिमसाठी कोण कोण?” मैत्रीने विचारलं आणि सतरंजीवरचे एकवीसच्या एकवीस हात वर झाले.

तिने पुन्हा मोजले. नऊ मुलगे, बारा मुली. मुलग्यांचं तिला कळत होतं. पण रेशन दुकानामागची ही रिकामी खोली वाचनासाठी हवी, असं गेल्याच आठवड्यात याच बाराजणींनी तिला सांगितलं होतं. बारा मतांत त्या सहज जिंकल्या असत्या.

“ठीक से सोच लिया ना सबने?”

“हो गया फैसला, दीदी,” गौरव म्हणाला. मुलग्यांच्या टोळीत सगळ्यांत मोठा तोच. मुलींकडे न बघताच तो उठला आणि पावलांनी खोलीची लांबी मोजायला लागला.

पाणी पिऊन येते असं सांगून मैत्री बाहेर आली. विद्यापीठात युवाकार्य आणि समुदाय विकास शिकायला लागून तिला दीड वर्ष झालं होतं, आणि फील्डवर्कसाठी फरीदाबादच्या या वस्तीत सहा महिने. मुलींना मीटिंगला पाठवा म्हणून ती घरोघरी आयांच्या विनवण्या करत फिरली होती. तिने विद्यापीठातल्या तिच्या मॅडमना फोन लावला.

“एकमत झालं? अरे वा!” देविका मॅडम म्हणाल्या. “मग प्रॉब्लेम काय आहे?”

“मॅडम, मुलींनी घाबरून हात वर केले असतील.”

“कोणी धमकावलं त्यांना?”

“नाही.”

“मग त्यांना काय हवंय ते तू कशी ठरवणार? निर्णय त्यांचा. आपण मध्ये पडायचं नाही.”

हे तिने पेपरात लिहून चांगले मार्क मिळवले होते. आता मात्र आपण मुलींचा मान राखतोय की त्यांना वाऱ्यावर सोडतोय, हेच तिला कळेना.

मागून तनया आली. बाराजणींतली एक, दहावीतली. गल्लीत मराठी घर हिचं एवढंच, त्यामुळे बाकीच्या मुली दीदी म्हणायच्या आणि ही ताई.

“तुला वाचनखोली नको होती का गं?” मैत्रीने विचारलं.

“हवी होती.”

“मग हात का वर केलास?”

तनयाने एकदा दाराकडे बघितलं. “वाचनखोली झाली असती तर आम्ही आत बसलो असतो, ताई. आणि ही मुलं? ती बाहेरच ना! रोज संध्याकाळी नळापासून कोपऱ्यापर्यंत उभी असतात. ट्यूशनला जाताना, येताना त्यांच्यामधूनच जावं लागतं. काय काय बोलतात. म्हणून आम्ही ठरवलं, त्यांनाच खोलीत घालू.”

“कधी ठरवलंत?”

“काल. पाणी भरताना.”

“अगं, मग हे मीटिंगमध्ये बोलायचं ना!”

“त्यांच्यासमोर?”

मुलींचं कौतुक करावं की त्यांना परत आत नेऊन बसवावं? खोली गेली होती. गल्ली मिळाली होती, तीही मुलं आत असतील तेवढाच वेळ.

“मी बोलू का गौरवशी?”

“नको गं ताई,” तनया घाईने म्हणाली. “त्याला कळलं तर ते जिममध्ये जाणारच नाहीत.”

आत आरसा कोणत्या भिंतीला लावायचा यावरून मुलग्यांची भांडणं सुरू झाली होती. एकेक करत मुली बाहेर आल्या. गल्लीत त्यांच्याशिवाय कोणीच नव्हतं. दोघी-तिघी उगाचच कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि हळूहळू परत आल्या.

भिंतीला गौरवची सायकल टेकवलेली होती. तनयाने हँडल धरून ती सरळ केली.

“ताई, मागून धरशील? मला शिकायचीय.”

“आत्ता?”

“आत्ताच,” तनया सीटवर चढत म्हणाली. “ते बाहेर यायच्या आत.”